दाताच्या दवाखान्याच्या हवेतले जंतू आणि इसेन्शियल ऑइल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोविडनंतर दाताच्या दवाखान्यांत सुगंधी तेलाची वाफ हवेत सोडणारे डिफ्यूझर दिसायला लागले आणि आता ते चांगलेच रुळले आहेत. निलगिरी, टी ट्री, गवती चहा, पुदिना. कोपऱ्यात एक दिवा, त्यातून निघणारी वाफ आणि शेजारी ‘हवा निर्जंतुक करते’ असं लिहिलेलं खोकं. दवाखाना चालवणारे डॉक्टर आणि खुर्चीत बसणारे पेशंट दोघेही याबद्दल विचारतात. हे प्रश्न दोघांचेही आहेत, त्यामुळे सरमिसळ आहे.

दाताच्या दवाखान्याच्या हवेत असं वेगळं काय असतं?

पाण्याचे तुषार. दात कोरणारा एअरोटर मिनिटाला तीन ते चार लाख फेरे घेतो आणि तो तापू नये म्हणून त्यावर सतत पाणी सोडावं लागतं. स्केलिंगचं, म्हणजे दातांवरचं किटण काढायचं, अल्ट्रासॉनिक यंत्र सेकंदाला पंचवीस हजारांहून जास्त वेळा थरथरतं, त्यालाही पाणी लागतंच. हे पाणी लाळेत, रक्तात, दातांवरच्या किटणात आपटून उडतं. मोठे थेंब पेशंटच्या छातीवर, डॉक्टरांच्या चष्म्यावर, असिस्टंटच्या हातावर पडतात आणि तिथेच थांबतात. ५० मायक्रॉनपेक्षा लहान कण मात्र हवेत तरंगतात. त्यातला बारीक भाग काम संपल्यावर अर्ध्या तासापर्यंत खोलीत राहू शकतो. म्हणजे पेशंट बिल भरून गेला, पुढचा खुर्चीत बसला, तरी आधीच्याचं थोडंसं अजून हवेत आहे. दवाखान्यातल्या सगळ्या कामांत सर्वांत जास्त तुषार उडतात ते स्केलिंगला.

बघायचं असेल तर सोपा प्रयोग आहे. सरावाच्या प्लास्टिकच्या दातांवर स्केलिंग करा, यंत्राच्या पाण्याच्या बाटलीत खाण्याचा लाल रंग घाला, आणि खुर्चीवर, ट्रेवर, स्टुलावर पांढरे कागद पसरून ठेवा. पाच मिनिटांत ट्रेवरचा कागद ठिपक्यांनी भरतो. असिस्टंट जिथे बसते तिथला कागद बघून ती पुढच्या वेळी फेसशील्ड विसरत नाही. आणि हे फक्त डोळ्यांना दिसणारे थेंब, तरंगणारे वेगळेच. प्रयोग झाल्यावर बाटली आणि नळी धुवायला विसरू नका.

हवेतले जंतू मोजतात कसे? डिफ्यूझरवाल्याने प्लेटचे फोटो दाखवले होते.

आगर, म्हणजे जंतू ज्यावर वाढतात ती जेली, भरलेली ९० मिलिमीटरची पेट्री प्लेट झाकण काढून ठेवतात. सर्वसाधारण पद्धत अशी: जमिनीपासून एक मीटर उंच, भिंतीपासून एक मीटर दूर, एक तास. मग ३७ अंशांवर एक-दोन दिवस उबवायची. पांढरे, पिवळे, शेंदरी ठिपके उगवतात, पावसाळ्यात एखादी केसाळ हिरवी-काळी बुरशीही. प्रत्येक ठिपका म्हणजे एक वसाहत. त्या मोजायच्या.

पद्धत स्वस्त आहे, पण तिला बरंच काही दिसत नाही. स्वतःच्या वजनाने खाली बसणारे कण तिच्यात येतात, बारीक तरंगणारे फारसे नाहीत. हिरड्यांच्या आजाराचे बरेचसे जंतू ऑक्सिजनमध्ये वाढतच नाहीत, त्यामुळे साध्या प्लेटवर ते उगवणार नाहीत. टीबीच्या जंतूला वेगळं माध्यम आणि काही आठवडे लागतात. विषाणू तर प्लेटवर येतच नाहीत.

फोटो दाखवणाऱ्याला एक प्रश्न जरूर विचारा. डिफ्यूझर चालू असताना प्लेट उघडी ठेवली असेल तर तेलाची वाफ आगरवरही बसते आणि जंतूंची वाढ तिथेच रोखते. जंतू हवेत मेले की प्लेटवर दबले, हे अशा फोटोवरून कळत नाही. नीट प्रयोगात तेलाचा असर काढून टाकणारा घटक (न्यूट्रलायझर), उदाहरणार्थ पॉलिसॉर्बेट ८०, माध्यमात घालतात. ‘न्यूट्रलायझर वापरला होता का?’ एवढं विचारलं की समोरचा प्रयोगशाळेतून आलाय की मार्केटिंगमधून, ते लगेच समजतं.

पण या तेलांत जंतू मारण्याचा गुण खरंच आहे का?

आहे, आणि चांगला आहे. लवंगेचं युजेनॉल, ओव्यातलं थायमॉल, निलगिरीतलं सिनिओल, टी ट्रीमधलं टर्पिनेन-४-ऑल, गवती चहातलं सिट्राल, दालचिनीतलं सिनॅमाल्डिहाइड ही सगळी स्निग्ध द्रव्यं आहेत. जंतूच्या पेशीचं आवरणही स्निग्ध असतं. तेलातले रेणू त्यात शिरतात, आवरण सैल पडतं, आतले क्षार बाहेर गळतात आणि पेशी कोलमडते. ज्यांना बाहेरून आणखी एक आवरण असतं ते ग्रॅम-निगेटिव्ह जंतू जास्त चिवट. त्यातही सूडोमोनास फार हट्टी, आणि तोच नेमका दाताच्या युनिटच्या, म्हणजे खुर्चीला जोडलेल्या यंत्रसंचाच्या, पाण्याच्या नळ्यांत सापडतो.

आपल्याकडे हे ज्ञान नवीन नाही. ओव्याचं फूल, पुदिन्याचं फूल आणि कापूर एका बाटलीत घातले की थोड्या वेळात तिन्ही वितळून पातळ होतात, ती अमृतधारा. त्यातलं ओव्याचं फूल म्हणजे थायमॉल आणि पुदिन्याचं फूल म्हणजे मेन्थॉल. अमेरिकेत १८७९ साली जोसेफ लॉरेन्सने बनवलेल्या लिस्टरिनमध्येही हेच दोन घटक आहेत, सोबत निलगिरीतलं सिनिओल आणि गंधपुऱ्याच्या तेलातलं मिथाइल सॅलिसिलेट. आजीच्या फडताळातली बाटली आणि दुकानातली माउथवॉशची बाटली सख्खी नसली तरी चुलत बहिणी आहेत.

मग डिफ्यूझर लावला की काम झालं, नाही का?

नाही. इथे थोडं गणित करू, कारण बहुतेक दावे गणित न केल्यामुळेच टिकून आहेत.

बंद डब्यात तेलाची वाफ सोडून जंतूंवर काय परिणाम होतो, याचा एक नावाजलेला अभ्यास जपानमधल्या इनोउये आणि सहकाऱ्यांनी २००१ साली प्रसिद्ध केला. श्वसनमार्गाच्या जंतूंवर दालचिनीच्या सालीचं, गवती चहाचं आणि थाइमचं तेल सर्वांत प्रभावी ठरलं. पण त्यासाठी हवेत तेल किती लागलं? एक लिटर हवेला काही मिलिग्रॅम.

आता तुमची खोली घ्या. दहा बाय बारा फूट, उंची दहा फूट. म्हणजे १,२०० घनफूट, साधारण ३४ घनमीटर, म्हणजेच ३४,००० लिटर हवा. लिटरला फक्त ३ मिलिग्रॅम धरलं तरी १०० ग्रॅमच्या आसपास तेल हवेत लागेल. डिफ्यूझरमध्ये आपण टाकतो पाच ते दहा थेंब, आणि साधारण वीस थेंबांचा एक मिलिलिटर होतो. म्हणजे गरज शंभर ग्रॅमची आणि आपण टाकतोय पाव ते अर्धा ग्रॅम.

बरं, शंभर ग्रॅम टाकलंच तर? घनमीटरला ३,००० मिलिग्रॅम. कारखान्यात टर्पेंटाइनच्या वाफेची आठ तासांची मर्यादा अमेरिकेच्या नियमांत घनमीटरला ५६० मिलिग्रॅम आहे. टर्पेंटाइनही या तेलांसारखंच टर्पीन वर्गातली द्रव्यं असलेलं तेल. त्या मर्यादेच्या पाचपट वाफेत तुम्ही, असिस्टंट आणि तोंड उघडून पडलेला पेशंट बसणार नाही आहात. जी मात्रा जंतूला पुरते ती माणसाला सोसत नाही, आणि माणसाला सोसते ती जंतूला पुरत नाही. डिफ्यूझरची सगळी गोष्ट या दोन मात्रांमधल्या दरीत अडकलेली आहे.

पण हवेतले जंतू ८९ टक्के कमी झाल्याचं वाचलं होतं!

बरोबर वाचलंत. २००९ साली ब्रिटनमधल्या संशोधकांनी गवती चहा आणि जिरेनियमच्या तेलांची वाफ ऑफिसच्या जागेत सोडली तेव्हा हवेतल्या जंतूंत ८९ टक्के घट मोजली होती. आकडा खरा आहे, पण जाहिरातीत त्याचा अर्धाच भाग येतो. ती घट १५ तासांत झाली होती.

तुमच्याकडे दोन पेशंटमध्ये पंधरा तास नसतात, पंधरा-वीस मिनिटं असतात. शिवाय ऑफिसच्या हवेत असतात कातडीवरचे, धुळीतले जंतू. स्केलिंग चालू असताना लाळेचे ताजे तुषार दर सेकंदाला भर घालत असतात. आणि रात्रभर बंद ठेवलेल्या, माणसं नसलेल्या खोलीत जंतूंचा आकडा आपोआपही खाली येतो, कारण कण खाली बसतात. त्यामुळे कुठलाही असा आकडा समोर आला की आधी विचारायचं: तेलाशिवाय ठेवलेल्या तशाच खोलीत किती घट झाली?

मग या तेलांचा दाताच्या दवाखान्यात उपयोगच नाही का?

उपयोग आहे, फक्त जागा चुकली आहे. तेल खोलीच्या हवेत सोडण्यापेक्षा पेशंटच्या तोंडात घालावं, काम सुरू करण्याआधी, चूळ भरायला. तिथे जागा थोडी, संपर्क थेट आणि जंतूंचा साठा समोर. ३४,००० लिटर हवेऐवजी २० मिलिलिटर द्रव.

१९९०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत डॅनियल फाइन आणि सहकाऱ्यांनी हेच करून पाहिलं. अल्ट्रासॉनिक स्केलिंगच्या आधी इसेन्शियल ऑइलच्या माउथवॉशने चूळ भरायला दिली आणि तुषारांतले जिवंत जंतू मोजले. चूळ न भरलेल्यांच्या तुलनेत घट ९० टक्क्यांहून अधिक होती.

म्हणून शिफारस सरळ आहे: २० मिलिलिटर तयार माउथवॉश, ३० सेकंद खळखळून, मग थुंकायचं. पाणी मिसळायचं नाही. इसेन्शियल ऑइलच्या जागी क्लोरहेक्सिडिन हे जंतुनाशक, ०.१२ किंवा ०.२ टक्के, दिलंत तरी चालेल. किंबहुना ते तोंडातल्या पृष्ठभागांना चिकटून काही तास टिकतं, त्यामुळे लांबणाऱ्या कामाला मी तेच निवडेन. चव न आवडणारे, क्लोरहेक्सिडिनची ॲलर्जी असलेले पेशंट यांच्यासाठी तेलाची चूळ उत्तम पर्याय. अल्कोहोल नको असेल तर बिनअल्कोहोलची मिळते.

आता याचीही मर्यादा. २०२२ साली वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने या चुळांवरच्या चाचण्यांचा आढावा घेतला. जंतूंचा आकडा घटतो, पण पुरावा कमकुवत आहे, आणि डॉक्टर किंवा स्टाफला प्रत्यक्ष संसर्ग कमी झाला का हे एकाही चाचणीने मोजलेलं नव्हतं. तरीही मी चूळ सोडणार नाही. खर्च मामुली आहे, धोका जवळपास नाही, आणि पेशंटचं तोंड स्वच्छ असलं की आपल्यालाही काम करायला बरं.

घरी लवंगेचं तेल आहे. दोन थेंब पाण्यात टाकून तीच चूळ दिली तर?

नको. तेल पाण्यात विरघळत नाही, वर तरंगतं. पहिल्या घोटात सगळं तेल येतं आणि हिरडी पोळते, नंतर नुसतं पाणी. तयार माउथवॉशमध्ये ते मिसळून राहावं म्हणून अल्कोहोल किंवा दुसरा घटक असतो आणि मात्रा ठरलेली असते; थायमॉल तर फक्त ०.०६४ टक्के.

सगळ्यांत चांगलं तेल कोणतं?

प्रयोगशाळेत दालचिनी, ओवा-थाइम, गवती चहा, लवंग पुढे. निलगिरी वासाला दणकट पण जंतूंवर त्यामानाने सौम्य. हवेसाठी विचारत असाल तर वरचं गणित पुन्हा वाचा, तेल बदलून ते बदलत नाही. आणि बाजारात ‘इसेन्शियल ऑइल’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बऱ्याच बाटल्या निव्वळ कृत्रिम सुगंधाच्या असतात. लेबलवर वनस्पतीचं शास्त्रीय नाव नसेल, घटकांचा तपासणी अहवाल मागितल्यावर दुकानदार गडबडत असेल, तर ती बाटली अत्तराच्याच लायकीची समजा.

टीबी आणि विषाणूंचं काय?

जगातल्या टीबीच्या पेशंटांपैकी जवळपास चौथा हिस्सा भारतात आहे, त्यामुळे हा प्रश्न आपल्याकडे पुस्तकी नाही. टीबीच्या जंतूला मेणासारखं जाड आवरण असतं आणि तो अगदी बारीक कणांवर बसून प्रवास करतो. डिफ्यूझरवर भिस्त ठेवून टीबीच्या संशयिताचं स्केलिंग करणं हा शुद्ध बेजबाबदारपणा आहे. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, ताप, वजन घटणं असं काही असेल तर तातडीचं नसलेलं काम पुढे ढकला आणि आधी तपासणीला पाठवा. दुखण्यामुळे थांबता येत नसेल तर एन-९५ मास्क, हाताने चालणारी अवजारं, उघडी खिडकी. विषाणूंच्या बाबतीतही तेलाच्या वाफेवर विसंबू नका.

धूप, ऊद, गुग्गुळ, कापूर?

देवघरात. धूर म्हणजे फुप्फुसात जाणारे बारीक कण, आणि कण कमी करायलाच तर आपण बसलोय.

वासाचा पेशंटला त्रास होऊ शकतो का?

होतो, आणि आपण समजतो त्यापेक्षा जास्त जणांना. दमेकऱ्याला उग्र वासाने दम लागू शकतो. अर्धशिशी असलेल्याचं डोकं उठतं. तान्ह्या आणि अगदी लहान मुलांच्या नाकाजवळ मेन्थॉल, कापूर, निलगिरी नकोच. श्वास अडखळण्याची भीती असते. निलगिरीचं किंवा कापराचं तेल पोटात गेलं तर मुलांना झटके येऊ शकतात, म्हणून बाटल्या कुलपात. फिट्स येणाऱ्या पेशंटच्या बाबतीतही कापूर आणि निलगिरी टाळा.

स्टाफचा विचार तर कोणी करतच नाही. पेशंट अर्धा तास बसतो, असिस्टंट आठ तास तीच हवा ओढते. तिला डोकेदुखी, नाक चोंदणं, हातावर पुरळ सुरू झालं तर आधी डिफ्यूझर बंद करून बघा.

आणखी एक. काही दवाखान्यांत हवा शुद्ध करायला ओझोन सोडणारं यंत्रही असतं. ते आणि तेलाची वाफ एकत्र कधीही नको. तेलांतल्या लिमोनीन, पायनीन यांसारख्या द्रव्यांची ओझोनशी रासायनिक क्रिया होऊन फॉर्मॅल्डिहाइड आणि अतिसूक्ष्म कण तयार होतात. दोन उपकरणं मिळून हवा आणखी खराब करतात.

तेलाचा दवाखान्यातल्या सामानावर काही परिणाम?

थेंब थेट लागले तर होतो. लॅटेक्सचे हातमोजे तेलाने कमकुवत होतात. निलगिरी आणि संत्र्याच्या सालीचं तेल तर आपण जुन्या रूट कॅनलमध्ये भरलेलं गटापर्चा (रबरासारखं द्रव्य) विरघळवायलाच वापरतो, म्हणजे ते सॉल्व्हंट आहे हे वेगळं सांगायला नको. युजेनॉल दातावर राहिलं तर त्यावर कॉम्पोझिट, म्हणजे दाताच्या रंगाचं फिलिंग, नीट घट्ट होत नाही. म्हणून बाटली ट्रेपासून लांब. तेलं पेटही घेतात. स्पिरिटच्या दिव्याशेजारी ठेवू नका.

बजेट कमी आहे. तेलावर नाही तर कशावर खर्च करू?

आधी सक्शन. तोंडात लटकवलेली बारीक नळी लाळ ओढते, तुषार नाही. रुंद तोंडाचं हाय-व्हॉल्यूम सक्शन लागतं, भोक ८ मिलिमीटर किंवा जास्त, आणि ते असिस्टंटने यंत्राच्या टोकाजवळ धरायचं. नीट धरलं तर उडणारे तुषार ९० टक्क्यांपर्यंत कमी होतात. एकट्याने काम करणाऱ्या डॉक्टरांना हे अवघड जातं, मान्य. पण मग स्केलिंगच्या वेळेपुरती तरी कोणाची मदत घ्या. फिलिंग आणि रूट कॅनलला रबर डॅम, म्हणजे दाताभोवती ताणायचा रबराचा पडदा, लावा. लाळ मागेच राहते.

मग पाणी. याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं. ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीच्या २०२१च्या अभ्यासात उडालेल्या तुषारांतले बहुतेक जंतू लाळेतून नव्हे तर यंत्राच्या पाण्यातून आलेले निघाले. युनिटच्या बारीक नळ्यांत आतून बुळबुळीत थर साचतो. इटलीत २०११ साली ८२ वर्षांच्या एका बाईंचा लिजनेला या पाण्यात वाढणाऱ्या जंतूच्या न्यूमोनियाने मृत्यू झाला आणि तोच जंतू त्यांच्या दाताच्या डॉक्टरांच्या युनिटच्या पाण्यात सापडला. बाटली रोज रिकामी करून वाळवा, दोन पेशंटमध्ये २० ते ३० सेकंद पाणी वाहू द्या, नळ्यांचं निर्जंतुकीकरण कंपनीच्या सूचनेप्रमाणे करा. पाण्याची अमेरिकी मर्यादा मिलिलिटरला ५०० वसाहती आहे. टाकीचं पाणी वापरत असाल तर एकदा प्रयोगशाळेत देऊन बघाच.

मग एक्झॉस्ट फॅन. स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही, तीच हवा गार करून फिरवतो. तासाला १२ वेळा खोलीची हवा बदलली तर ९९ टक्के कण जायला साधारण २३ मिनिटं लागतात. ६ वेळा बदलली तर ४६. आपल्या ३४ घनमीटरच्या खोलीला १२ वेळांसाठी तासाला ४०८ घनमीटर हवा बाहेर टाकणारा पंखा पाहिजे. हा आकडा पंख्याच्या खोक्यावर छापलेला असतो. पंखा पेशंटच्या डोक्याच्या बाजूला, आणि समोरून कुठून तरी हवा आत यायला वाट हवी, नाहीतर तो नुसता घरघरतो. छताचा पंखा काम चालू असताना बंद. कोविडच्या काळात केंद्र सरकारच्या सूचनांतही हेच होतं. जिथे खिडकीच नाही, गाळ्यातला दवाखाना आहे, तिथे हवेतले बारीक कण गाळणारं हेपा फिल्टरचं यंत्र.

वेटिंग रूममध्ये डिफ्यूझर ठेवला तर चालेल?

चालेल, आणि तिथे त्याचा खरा उपयोगही आहे, फक्त जंतूंशी संबंध नसलेला. दाताच्या दवाखान्याचा तो ठरलेला वास युजेनॉलचा, लवंगेचा, आणि त्या वासानेच कित्येकांच्या पोटात गोळा येतो. व्हिएन्नामध्ये २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वेटिंग रूममध्ये संत्र्याचा किंवा लॅव्हेंडरचा वास असताना पेशंट कमी धास्तावलेले आढळले. एक-दोन थेंब, दार उघडं, आणि कोणी नाक मुरडलं तर लगेच बंद. खोक्यावरचं ‘हवा निर्जंतुक करते’ मात्र झाकून टाका.

मी पेशंट आहे. दवाखान्यात गेल्यावर काय बघू?

वासावरून काही ठरवू नका. काम सुरू करण्याआधी चूळ भरायला दिली का? स्केलिंगच्या वेळी दुसरं माणूस जाड नळी धरून उभं होतं का? आधीचा पेशंट उठल्यावर खुर्ची पुसली, पाणी थोडा वेळ सोडलं, पाच-दहा मिनिटं जाऊ दिली, की तुम्हाला तसंच आत बोलावलं? एक्झॉस्ट चालू आहे का? दमा असेल, वासाचा त्रास होत असेल तर अपॉइंटमेंट घेतानाच फोनवर सांगा, डिफ्यूझर आदल्या पेशंटपासूनच बंद ठेवता येतो. आणि चूळ दिली तर पूर्ण ३० सेकंद भरा. बहुतेक जण दहा सेकंदांतच थुंकतात.